मौन मंडळाची घंटी

नाही, मी म्हणते, बोलाचंच नव्हतं त पंधरा माणसं एका खोलीत जमवली कायले? मुकाट बसाले जागेची काही कमी आहे का? आपापल्या घरी बसा ना मुकाट. माझा लेक लग्न झाल्यापासून मुकाटच बसून राहिला आहे, त्यानं काढलं का कुठी मंडळ? पण नाही. रोज सकाळी साडेसहाले आंघोळ करून, चटई काखेत मारून, नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या समाजभवनात जाचं, चपला बाहेर काढाच्या, आत जाऊन मांडी घालाची, डोळे मिटाचे, अन् पाऊण घंटा बोलाचं नाही. त्याचं नाव मौन मंडळ. दारावर पाटीबी लावली आहे मोठ्या अक्षराची. मले काही वाचता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी एका बाईले इचारलं, बाई, काय लिहिलं आहे वं इथं? त तिनं ओठावर बोट ठेवलं. म्हणजे पाटीवर काय लिहिलं तेबी सांगाचं नाही. आता बोला... म्हणजे तुम्ही बोला, तिथं त बोलाचं नाही.

तुम्ही म्हणाल, बायजाबाई, मंग तुम्ही तडमडाले गेल्या काहून तिकडं? बरोबर आहे तुमचं. माझी सून काजल, तीबी हेच म्हणे. आई, तुम्ही अन् मौन, म्हणे, तुम्ही त झोपेतबी उत्तरं देता. पण मी काही देवासाठी नाही गेली, खोटं कायले बोलू. मी गेली प्रेमिलेसाठी.

प्रेमिला म्हणजे आमच्या समोरची. समोरची म्हणजे कशी, तिच्या घरात फोडणी पडली त ठसका माझ्या घरात लागते. एकाच गावच्या आम्ही दोघी, एकाच विहिरीचं पाणी पिऊन वाढलो. तिले दिलं कन्हानले, मले दिलं नागपूरले, मंग तिच्या नवऱ्याची बदली झाली अन् त्यानं घर बांधलं त माझ्या दारासमोर. तेहतीस वर्षं झाली. तेहतीस वर्षं रोज चार वाजताचा चहा, एक दिवस तिच्या ओट्यावर, एक दिवस माझ्या. नवरे गेले दोघींचे, चहा नाही गेला. अन् ह्या संक्रांतीनंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं.

काहून? त माझ्या तोंडापायी. सांगते ना, लपवाचं काय त्यात.

तिच्या नातीचं, वैभवीचं साक्षगंध होतं, म्हणजे तुमचा साखरपुडा. पोराकडचे वीस-पंचवीस पाहुणे आले, जेवणं झाली, सगळे सुस्तावून बसले अन् कोणी काही बोलेना. आता पाहुण्यांले असं मुकं बसवून ठेवणं बरं दिसते का? मी म्हटलं, आपण काही सांगावं. अन् मले आठवलं त काय आठवावं... का ही प्रेमिला लग्न होऊन कन्हानले गेली अन् तिसऱ्याच हप्त्यात सासूवर रुसून पळाली. पायी नाही. कोळशाच्या ट्रकवर. आतमध्ये नाही, वर, कोळशावर बसून. गावात उतरली तेव्हा डोळे अन् दात, एवढंच काय ते पांढरं. माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली त तिच्या मायनं तिले ओळखलंच नाही. मायले वाटलं कोणी मागणारी आली, तिनं आतून पसाभर जवारी आणली अन् वाढली. अन् हिनं... हिनं पदर पसरून घेतली हो. मी बाळंतपणाले माहेरी आली होती, मी तिथंच उभी. निळं लुगडं होतं तिचं, पदराले एका जागी भोक होतं, त्यातून चार दाणे खाली सांडले. मले सगळं आठवते.

पाहुणे असे हसले, असे हसले, का एकाच्या तोंडातलं पान शर्टावर आलं. अन् त्यात पोराची आत्या, चांगली भरभक्कम बाई, गळ्यात मोत्याची माळ, ती हसता हसता म्हणे, मंग पोरगीबी पळते का, आजीवर गेली असन त? थट्टाच होती ती. पण मी प्रेमिलेकडं पाहिलं. मायनं जवारी वाढली तेव्हा तिचा चेहरा जसा झाला होता ना, तसाच झाला होता. पंचावन्न वर्षांनी, अगदी तसाच.

शब्द न शब्द खरा होता माझा. तोच त घोळ झाला. खोटं असतं त म्हणता आलं असतं, अवं, गंमत केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिचं दार बंद. तिसऱ्या दिवशी बंद. मी ओट्यावर कपबशी घेऊन बसून राहिली भुतासारखी. होळीले पुरणपोळी पाठवली, ती परत आली, वर तूप सोडून परत आली. म्हणजे संबंध तोडले पण शिस्त नाही सोडली. अन् मंग काजलनं सांगितलं, प्रेमिलेच्या लेकानं, अनिशनं, मनीषनगरात फ्लॅट घेतला, सातव्या माळ्यावर, अन् अक्षय तृतीयेले सगळे तिकडं चालले. आता नंदनवनापासून मनीषनगर म्हणजे काही काशी नाही. ऑटोनं जाता येते. पण जी आपल्याशी बोलत नाही तिच्या घरी जाले सातवा माळा लय उंच पडते हो. मी म्हटलं, अक्षय तृतीयेच्या आधी ही बोलली त बोलली. नाही त मंग ट्रक जाईन, दाराले कुलूप लागन, अन् मी चार वाजता कुलपासोबत चहा पीन.

बरं, भेटावं त कुठी? घरातून ही निघत नाही. निघते त फक्त सकाळी, मौन मंडळात. मी म्हटलं, वा वं वा, माझ्यापासून लपाले हिनं जागा शोधली त कशी, जिथं मले बोलाचंच नाही.

तरी गेली. चटई घेतली अन् गेली, अन् नेमकी तिच्या बाजूले जाऊन बसली. तिनं डोळे आधीच मिटले होते, पण मी आली हे तिले कळलं, कारण तिनं चटई चार बोटं पलीकडं सरकवली.

आता त्या मंडळाचं कसं असते ते ऐका. मंडळाचे प्रमुख म्हणजे गिरिधरभाऊ. सरकारी कचेरीतून रिटायर झाले, पांढराफेक झब्बा, समोर तोंड करून आसनावर बसतात, अन् त्यांच्या मांडीजवळ एक पितळी घंटी. ते घंटी वाजवतात तेव्हा सुरू, ते घंटी वाजवतात तेव्हा खतम. घड्याळ पाहाचं नाही, मोबाइल पाहाचा नाही, उठाचं नाही, खाजवाचंबी नाही, कारण खाजवलं का मन बाहेर जाते म्हणे. अन् दुसरी घंटी झाली का सगळ्यांनी आपला अनुभव सांगाचा. तेवढी दहा मिनिटं बोलाले सुटी. त एक म्हणते, मले आज जांभळा प्रकाश दिसला. दुसरी म्हणते, मले दोन भुवयांच्या मधात मुंग्या आल्या. गिरिधरभाऊ मान हलवतात, प्रगती आहे, प्रगती आहे. मले इचारलं, बायजाबाई, तुम्हाले काय दिसलं? मी म्हटलं, मले फक्त मी गॅस बंद करून आली का नाही, हेच दिसून राहिलं होतं. त म्हणे, तुमची अजून सुरुवात आहे.

मी म्हटलं, ठीक आहे, अनुभवाच्या टायमाले बोलता येते ना, मंग आपण तेव्हाच बोलू. पण बोलू काय? आता तुम्हाले एक सांगते, दुसऱ्या कोणाले सांगू नका. मले ‘चुकलं’ हा शब्द म्हणता येत नाही. बाकी सगळं येते. नवऱ्याले कधी म्हटला नाही, सासूले म्हटला नाही, तोंडात येते अन् दाताच्या मागं बसून राहते. तरी तिसऱ्या दिवशी हिंमत केली. गिरिधरभाऊनं इचारलं तसं मी खाकरली अन् म्हटलं, मले असा अनुभव आला का माणसानं कधी-कधी साक्षगंधात... त गिरिधरभाऊ म्हणे, बायजाबाई, फक्त आतला अनुभव. मी म्हटलं, आतलाच आहे गा भाऊ, लय आतला आहे. तेवढ्यात प्रेमिला उठली, चटई गुंडाळली, अन् चपला घालून चालली गेली.

मंग मी म्हटलं, तोंडानं नाही त हातानं. प्रेमिलेले तक्कू आवडते, कैरीचं, किसलेल्या कैरीत गूळ अन् वरून मेथ्यांची फोडणी. माझ्याच हातचं आवडते, हे तिनं स्वतः माझ्या सासूसमोर म्हटलं होतं. छोटी बरणी भरली, चटईत गुंडाळून नेली, अन् सगळ्यांचे डोळे मिटल्यावर हळूच तिच्या मांडीजवळ सरकवली. हिनं डोळे न उघडता हातानं चाचपली, अन् हळूच पलीकडच्या बाईकडं सरकवली. आता त्या बाईले वाटलं मंडळाचा काही नियम असन. इचारता येत नाही ना, बोलाचं नाही. तिनं पुढच्याले दिली. त्यानं पुढच्याले. पंधरा माणसांत फिरून-फिरून ती बरणी गेली गिरिधरभाऊपाशी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, लतिकाबाईनं, बरणी घासून-पुसून परत आणून दिली अन् अनुभवाच्या टायमाले म्हणे, गूळ थोडा कमी चालला असता.

असे अकरा दिवस गेले. अन् त्या रविवारी गिरिधरभाऊनं जाहीर केलं का आता मंडळाची परीक्षा आहे. एखाद्या दिवशी न सांगता मी वेळ वाढवीन, म्हणे, किती ते सांगणार नाही, जो घंटीच्या आधी उठन त्याचं मन कच्चं समजाचं. सगळ्यांनी माना हलवल्या. मोठी माणसं हो, कोणी मास्तर, कोणी हेडक्लार्क, अन् ‘कच्चं’ म्हटल्याबरोबर पोट्ट्यांसारखे ताठ बसले.

अन् मंगळवारी... गुरुवारी ट्रक येणार होता, हा मंगळवार. मी ठरवूनच गेली होती, आज अनुभवबिनुभव नाही, दारातच चपला लपवाच्या तिच्या, अन् शोधाले लागली का हात धरून म्हणाचं. चपला लपवल्या अन् आत गेली. घंटी वाजली. डोळे मिटले. बसलो.

बसलो म्हणजे बसलोच.

आधी भाजीवाल्याची गाडी गेली, पालक, मेथी, हिरवा सांभार. ती रोज घंटीच्या नंतर जाते. मी म्हटलं, आज लवकर आला असन. मंग शाळेच्या गाड्या गेल्या. मंग कोपऱ्यावरच्या ठेल्यावरच्या तर्रीचा वास आला, अन् थोड्या वेळानं वास बंदबी झाला, म्हणजे पोहेवाल्याचे पोहे खतम होऊन तो घरी गेला, अन् आम्ही बसून राहिलो. मी मनात म्हटलं, ही परीक्षा आहे. सगळेच मनात म्हणून राहिले असतील, ही परीक्षा आहे. माझा उजवा पाय गेला. म्हणजे आहे का नाही समजेना. मंग डावा गेला. अन् मंग कूलरचं पाणी खतम झालं. वैशाखातला कूलर अन् पाणी नाही, म्हणजे काय होते तुम्हाले माहीत आहे, भट्टीचं तोंड उघडल्यासारखी गरम हवा, अन् वाळक्या गवताचा वास. पंधरा माणसं त्या हवेत भाजून राहिली, घाम टपकून राहिला, अन् पुसाचा नाही, कारण पुसलं का मन बाहेर जाते. उठावं त कच्चे. बोलाचं त नाहीच.

मी उठली असती हो. मले काय कराचं पक्कं होऊन? पण बाजूले प्रेमिला बसली होती. मी म्हटलं, मी उठली त ही म्हणन, पाहा, हिले माझ्याजवळ बसवलंबी नाही. अन् ती काहून उठत नव्हती, तेबी मले माहीत होतं. मी बसली होती म्हणून.

शेवटी मी एक डोळा उघडला. एकच, थोडासा. अन् पाहते त काय, प्रेमिलेनंबी एक उघडला होता. तीन महिन्यांनी आमची नजर भेटली त अशी, एक डोळा तिचा, एक माझा. ती लगेच मिटून घेईन असं वाटलं मले. पण तिनं तो डोळा गिरिधरभाऊकडं वळवला, अन् परत माझ्याकडं आणला. मी पाहिलं. गिरिधरभाऊ ताठ बसले होते. तोंड थोडं उघडं. अन् नाकावर माशी. ती माशी नाकावरून मिशीवर आली, मिशीवरून ओठावर उतरली, ओठाच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, जसं कोणी बगीच्यात फेरफटका मारते तसं, अन् गिरिधरभाऊ हलले नाहीत. पापणीबी नाही हलली.

तेव्हा प्रेमिला माझ्या कानाशी आली अन् म्हणे, “बायजे, हा मेला त नाही ना वं?”

तीन महिन्यांनंतरचं पहिलं बोलणं हे. मी किती वाट पाहिली होती, किती मनात मांडून ठेवलं होतं का ती असं म्हणन, मी असं म्हणीन... अन् बाई बोलली त काय बोलली.

अन् बोलली हळूच हो, पण पंधरा माणसं अडीच घंटे मुकी बसली आहेत, तिथं हळू काय अन् जोरात काय. चोवीस डोळे टक्कन उघडले. सगळ्यांनी गिरिधरभाऊकडं पाहिलं. अन् तरीबी... तरीबी कोणी बोलेना. हा याले खुणावते, तू पाह्य, तो त्याले खुणावते, तू पाह्य. माणूस मेला का जिवंत आहे तेबी इचाराचं नाही, नियम म्हणजे नियम. शेवटी रुपराव म्हणून आहेत, जुने कंपाउंडर, ते निघाले. पण त्यांचे पाय झोपले होते, म्हणून दोन्ही हातांवर रांगत रांगत निघाले, अन् गिरिधरभाऊच्या नाकाखाली बोट धरणार, तेवढ्यात मागून लतिकाबाईचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते बाईचे.

“काही नाही झालं,” म्हणे, “झोपले आहेत. कचेरीत चौतीस वर्षं असेच झोपले.”

म्हणजे ह्या बाईले पहिल्यापासून माहीत होतं. मंग सांगितलं काहून नाही? त म्हणे, बोलाचं नव्हतं ना. अन् घरी एवढा वेळ गप्प बसत नाहीत हे, म्हटलं, बसू द्यावं.

बायकोचा आवाज ऐकून गिरिधरभाऊ जागे झाले. रुपराव समोर हातापायांवर उभे, सगळ्यांचे डोळे उघडे, कूलर भकभक करून राहिला. दुसरा कोणी असता त लाजला असता. ह्यांनी शांतपणे घंटी उचलली, टण्ण वाजवली अन् म्हणे, आज आपण फार खोल गेलो होतो. अनुभव सांगा.

मी प्रेमिलेकडं पाहिलं, प्रेमिलेनं माझ्याकडं, अन् आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून बाहेर पळालो. पळालो म्हणजे, पाय होतेच कुठी, भिंत धरून-धरून पायरीवर येऊन बसलो, अन् हसलो. हसून-हसून मेलो. थांबाचं अन् पुन्हा ती माशी आठवाची. हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी आलं, अन् मंग मले कळेना का हे हसण्याचंच आहे का दुसरं काही. मी म्हटलं, हाच मोका आहे. तिचा हात धरला अन् म्हटलं, “प्रेमिले, माझं...” अन् तो शब्द गेला बसला दाताच्या मागं. ती माझ्याकडं पाहून राहिली. मंग म्हणे, “राहू दे. माझ्या चपला कुठी लपवल्या ते सांग.”

गुरुवारी ट्रक आला, सामान गेलं, सगळं गेलं. जाताना ती बोलली माझ्याशी. गॅस-सिलिंडरचं बोलली, कुंड्यांले पाणी घाल म्हणून बोलली. पण चहाले थांबली नाही. म्हणजे अबोला सुटला, पण गाठ थोडी राहिली होती. मले समजते ते.

मंग आलं वैभवीचं लग्न. मोठा हॉल, एसी, जेवणाच्या आधी बायका-बायका गोल करून बसल्या, मधात ती पोराची आत्या, मोत्याच्या माळेवाली. अन् मी येऊन बसली तशी प्रेमिलेनं मौन मंडळाची गोष्ट काढली. अन् काय सांगितली हो तिनं. मले माहीतच नव्हतं हिले सांगता येते. कूलर सांगितला, माशी सांगितली, रुपराव त रांगून दाखवाचेच बाकी ठेवले. बायका पोट धरून हसून राहिल्या. अन् नेमक्या जागी आली, थांबली, माझ्याकडं बोट केलं अन् म्हणे, “अन् ही बायजी सगळ्यांसमोर म्हणते, हा मेला त नाही ना?”

आत्यानं हसता हसता माझ्या मांडीवर अशी थाप मारली का अजून दुखते.

मी म्हटलं ते? मी? मले शब्द न शब्द आठवते. कोण कोणाच्या कानाशी आलं, कोणत्या कानाशी आलं, तेबी आठवते. माझं तोंड उघडलं होतं, हो, उघडलं होतं. अन् प्रेमिला माझ्याकडं पाहून राहिली होती. हसत नव्हती. नुसती पाहून राहिली होती, का आता ही काय करते.

मी तोंड मिटलं. अडीच घंटे बसली तेव्हा एवढं जड नाही गेलं मले.

मंग तिनं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वडाभात वाढला, वरून तेल सोडलं, अन् म्हणे, शुक्रवारी घरी ये चहाले, ऑटोवाल्याले सांग सातवा माळा असलेली बिल्डिंग.

आता जाते मी दर शुक्रवारी मनीषनगरले. चहा चांगला करते ती, अजूनबी करते. फक्त एकच झालं, तिनं ती गोष्ट त्या साऱ्या बिल्डिंगमध्ये सांगितली, तळमाळ्यापासून सातव्यापर्यंत, अन् आता खाली बाकावर जे बुढे उन्हं उतरल्यावर डुलक्या घेत बसतात ना... मी गेटातून आत आली का त्यांच्यातला एक दुसऱ्याले कोपर मारते, अन् सगळेच्या सगळे ताठ होऊन, एकामागून एक, माझ्याकडं पाहून खाकरतात. जिवंत आहो म्हणून.

मी काय म्हणू? मी म्हणते, बसा बसा भाऊ, अन् लिफ्टमध्ये चढते.